मदत हवी आहे: ज्युडी बाका यांची 'ग्रेट वॉल' मुलांना दाखवायची आहे

नमस्कार मंडळी. आमच्या लॉस एंजेलिसमधल्या मराठी शाळेच्या १० ते १३ वर्षांच्या मुलांना चिकाना (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन) चित्रकार आणि कार्यकर्त्या ज्युडी बाका यांचं 'ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजेलिस' हे भित्तिचित्र दाखवायचं आहे. सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या पूरनियंत्रण कालव्याच्या भिंतीवर ते जवळपास अर्धा मैल पसरलंय. १९७६पासून ४००हून अधिक तरुण मुलामुलींनी ते रंगवलं, त्यातली कित्येक बालगुन्हेगारीच्या खटल्यांतून आलेली. मला तर चित्राइतकंच हे मोलाचं वाटतं, आणि मुलांना नेमकं तेच सांगायचंय.

बाका यांच्या 'स्पार्क' संस्थेची माहिती वाचली, फोटोही पाहिले. पण फोटो तुकड्यातुकड्यांचे आहेत, आणि चित्र खाली कालव्यात असल्यामुळे वरून किती दिसतं ते कळत नाही. आम्हाला रविवारीच जमेल, हाताशी दीड तास आहे, एक मुलगी व्हीलचेअरवर असते.

प्रत्यक्ष पाहून आलेल्यांनी कृपया सांगा: दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी-अमेरिकनांच्या नजरकैदेच्या छावण्या आणि चावेझ रविन या लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्तीतली घरं उठवली ते प्रसंग व्हीलचेअरवरून, कुंपणाआडून नीट दिसतात का, आणि उजेड सकाळी चांगला असतो की दुपारी?