लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतंय, मदत हवी आहे

कासव७१:
कालपासून वैताग आलाय. लॅपटॉपवर दर दहा-पंधरा मिनिटांनी नेट जातं. फोनवर तेच वायफाय व्यवस्थित. राउटर चारदा बंद-चालू केला. उद्या सकाळी काम द्यायचंय, लवकर सांगा.

निवांत:
विंडोज १० की ११? आणि नेट जातं म्हणजे वायफायच तुटतं, की जोडलेलं राहून पानं उघडत नाहीत?

सह्यकडा:
डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, बदला. गूगलचा ८.८.८.८ टाका. माझं त्यानेच सुटलं होतं.

निवांत:
@सह्यकडा, आधी तपासू तरी द्या. कासव, कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग करून डिफॉल्ट गेटवेचा, म्हणजे राउटरचा, आकडा बघा आणि नेट गेलं की त्याला पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का ते कळेल. राउटरच उत्तर देत नसेल तर डीएनएसचा काही संबंध नाही.

रानवारा:
डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या (लॅपटॉपमधला वायफायचा भाग) पॉवर मॅनेजमेंटमधली पहिली खूण काढा. वीज वाचवायला विंडोज अडॅप्टर झोपवतं.

पेन्सिल:
लिनक्स टाका, कटकट मिटेल.

कासव७१:
विंडोज ११. वायफाय जोडलेलंच दिसतं. राउटरला पिंग केलं तर रिक्वेस्ट टाइम्ड आउट, म्हणजे उत्तरच नाही. पॉवर मॅनेजमेंटचा टॅबच दिसत नाही. लिनक्स आता शक्य नाही!

रानवारा:
बऱ्याच नव्या लॅपटॉपवर तो टॅब नसतो. मग ड्रायव्हर रोलबॅक करून, म्हणजे अडॅप्टरचं सॉफ्टवेअर आधीच्या आवृत्तीवर नेऊन बघा.

सह्यकडा:
तरी डीएनएस बदलून बघायला काय जातं?

निवांत:
वेळ जातो, आणि त्यांच्याकडे तोच नाहीये. कासव, परवा चालत होतं ना? मग काल नवीन काय झालं?

कासव७१:
काहीच नाही. बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क लावून ठेवलीय, एवढंच.

निवांत:
हे आधी सांगायचं! डिस्क यूएसबी ३ ची असणार. तिच्या केबल-कनेक्टरमधून वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रेडिओ लहरींचा गोंगाट पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहिलंय. फोन बहुधा ५ गिगाहर्ट्‌झवर असेल, म्हणून त्याला त्रास नाही. डिस्क काढून बघा. लागणारच असेल तर लांब केबलने दूर ठेवा, नाहीतर लॅपटॉपही ५ वर जोडा.

मोरपीस:
यावरून आठवलं, वायफाय ६ चा राउटर घ्यावा का?

कासव७१:
डिस्क काढल्यावर ४० मिनिटं एकदाही तुटलं नाही! मग ५ वर जोडून डिस्क परत लावली, अजून ठीक चाललंय. निवांत, मनापासून आभार. कामाला बसतो.

मोरपीस:
माझ्या प्रश्नाचं कुणी सांगेल का?