फटाक्यांइतकाच केकही सांभाळा
सणासुदीला कुत्रा फटाक्यांना घाबरू नये म्हणून आतली खोली, बंद खिडक्या, टीव्हीचा आवाज, हे उपाय सगळे सांगतातच. आम्हा गोव्यातल्यांना जास्त धास्ती असते ती शेजाऱ्यांकडून येणाऱ्या नाताळच्या ताटाची. केकमधल्या मनुकांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्या तर चालतील असा खात्रीचा आकडाच नाही. गेल्या वर्षी आमच्या मोत्याने टीपॉयवरचा अख्खा तुकडा पळवला. लगेच कुणीतरी म्हणालं, मिठाचं पाणी पाजा. अजिबात पाजू नका, त्याने रक्तातलं सोडियम वाढतं. तासाभरात डॉक्टरकडे नेलं, त्यांनी इंजेक्शनने उलटी करवली.
३१ डिसेंबरला ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळतात (पोटात फटाके भरून!), त्या दिवशी मोत्याला उजेडातच फिरवून आणतो. पट्ट्यावर फोन नंबर असतोच.