डीन होण्याआधीची वर्षं
कुणीतरी लिहिलंय की बिझनेस स्कूलचा डीन, म्हणजे तिथला प्रमुख, हा कंपनीत मोठ्या खुर्चीवर बसून आलेला माणूस, पण तसं नेहमी नसतं हो. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे श्रीकांत दातार बघा ना, मुंबई विद्यापीठाची पदवी, मग सीए, मग आयआयएम अहमदाबाद, आणि तिथून स्टॅनफर्डला जाऊन १९८५ ला पीएचडी. पुढे आधी कार्नेगी मेलनला शिकवलं, मग परत स्टॅनफर्ड, १९९६ पासून हार्वर्ड, आणि डीन कधी झाले तर १ जानेवारी २०२१ ला! म्हणजे तिथे जवळपास पंचवीस वर्षं वर्गात उभं राहून झाल्यावर. त्यांच्या आधीचे डीन नितीन नोहरिया पण प्राध्यापकच, आयआयटी मुंबईचे केमिकल इंजिनिअर.

मला दातारांचं सगळ्यात काय आवडतं तर २०१० मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एमबीएच्या शिक्षणावरच पुस्तक लिहिलं, की नुसतं ज्ञान देऊन भागणार नाही, ते प्रत्यक्ष करता आलं पाहिजे आणि आपण माणूस म्हणून कोण आहोत हेही कळलं पाहिजे. स्वतःच्याच क्षेत्राला असं तपासून बघणारा माणूस डीन झाला याचं खरंच खूप बरं वाटतं.