ट्रिगर म्हणजे म्हाताऱ्यांचा खेळ? मग ऐका

फोंडेकर: काल इथं एकानं ठोकून दिलं, 'प्रोसिजर-ट्रिगर म्हणजे म्हाताऱ्यांचा खेळ, नियम सगळे ॲपच्या कोडमध्ये हवेत.' अरे पात्रांव, प्रोसिजर म्हणजे डेटाबेसमध्येच ठेवलेला कोड, आणि ट्रिगर म्हणजे टेबलात काही लिहिलं-बदललं की आपोआप चालणारा. त्या डेटाबेसला एकच ॲप चिकटलेलं असतं का? आमच्याकडे काउंटरवरचा जुना फॉर्म, मोबाईल ॲप आणि रात्री फाइल ओतणारी स्क्रिप्ट, तिघंही एकाच टेबलात लिहितात. शिल्लक उणे जाऊ नये हे तीनदा लिहू? आणि चौथा कुणी थेट अपडेट मारतो तेव्हा तुझा कोड कुठं झोपलेला असतो?

म्हापसेंकार: उणे नको तर चेक कन्स्ट्रेंट लाव, म्हणजे टेबलावरच 'शून्याखाली नको' अशी अट. त्याला ट्रिगर कशाला?

फोंडेकर: आमचा डेटाबेस मायएसक्यूएल. त्याची ८.०.१६ आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, चेक लिहिला तरी ते निमूट वाचून सोडून द्यायचं. आमचा क्लायंट अजून ५.७ वर आहे. तू येऊन अपग्रेड करून देतोस?

वेर्णा रात्रपाळी: माझी गणपतीची चवथ या ट्रिगरनं खाल्ली. आमचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर. कुणीतरी बिलांच्या टेबलावर ऑडिटचा, म्हणजे कुणी काय बदललं ते वेगळ्या टेबलात नोंदवणारा, ट्रिगर लावला, सांगितलं कुणालाच नाही. आमचा कोड नवा बिल नंबर ॲट-ॲट-आयडेंटिटीतून घ्यायचा, म्हणजे आपल्या कनेक्शनवर कुठल्याही टेबलात शेवटी पडलेला नंबर. आता तिथं ऑडिट टेबलाचा नंबर यायला लागला. एकाचा माल दुसऱ्याच्या बिलात! गणपतीवरची माटोळी बांधायची सोडून रात्री दोनपर्यंत बिलं जुळवत बसले.

फोंडेकर: स्कोप-आयडेंटिटी वापरायचं, ते ट्रिगरनं पाडलेला नंबर धरत नाही. चूक तुमच्या कोडची.

वेर्णा रात्रपाळी: हो, आमचीच. तुमचे ट्रिगर सोवळ्यातले.

डिचोलीवाला: बिलं जुळवता तरी येतात. आमचं आडनाव वडिलांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर क्यू-यू-ई लावून आहे. एका ठिकाणी अर्ज भरला, क्लार्कनं माझ्यासमोर बरोबर टाइप केलं, छापून आलं ते साधं के लावून. तीन खेपा! शेवटी कळलं, 'स्पेलिंग एकसारखं' करणारा बिफोर ट्रिगर, नोंद टेबलात जाण्याआधीच चालणारा.

म्हापसेंकार: मग साधं नाईक लिहा ना. १९६१ ला गेले पोर्तुगीज.

डिचोलीवाला: तू सांगणारा कोण? पासपोर्टवर एक नि दाखल्यावर दुसरं झालं की प्रतिज्ञापत्र तू करून देणार? जा, शेजारच्या पोरोबाला सांग प्रभू लिही म्हणून. सिनायला सांग, कामोतींना सांग. बघू कोण चहा पाजतो.

म्हापसेंकार: मी फक्त सोय सांगितली. एवढं तापायला काय झालं?

डिचोलीवाला: सोय मशीनची. आडनाव माझं.

फोंडेकर: बरं बाबा, आडनावाला हात लावणारा ट्रिगर मी स्वतः ड्रॉप करीन. शोधायला तुझं नाव वेगळ्या कॉलमात हवं तसं सरळ करून ठेव, मूळ नाव सोड. पण ऑडिटचा ट्रिगर असता तर कुणी बदललं ते पहिल्याच खेपेला कळलं असतं, हे तरी मान.

वेर्णा रात्रपाळी: काय कळलं असतं? ऑडिटचा तो आफ्टर ट्रिगर, नोंद झाल्यावर चालणारा. त्याला दिसतं ते बिफोरनं बदललेलंच. ऑडिटमध्ये के-वालं आडनाव आणि पुढं त्या बिचाऱ्या क्लार्कचं लॉगिन.

फोंडेकर: …हं. हे बरोबर आहे.