पडद्यावरचं कोकण आणि आपली चिडचिड: या, आपापलं गाऱ्हाणं मांडा

आमच्या घरी, रत्नागिरीत, रात्री आठला टीव्ही लागतो आणि सव्वाआठला सासरे त्याच्याशी भांडायला लागतात. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला त्यांनी. गेल्या आठवड्यात नायिका किनाऱ्यावर उभी, पाटीवर अक्षरं आली 'पहाट', आणि समोर समुद्रातून लालबुंद सूर्य वर येतोय. सासरे म्हणाले, "सूनबाई, ये लवकर. आज सूर्य पश्चिमेला उगवलाय." आम्ही हसलो. पण त्यांचं संपलं नव्हतं. "लाटा बघ." बघितल्या, तर फेस वाळूवरून गोळा होऊन मागे मागे समुद्रात चाललेला आणि एक बगळा शेपटीकडून उडत होता. सूर्यास्त घेऊन उलटा फिरवला होता!

तेव्हापासून डोक्यात आहे की ही चिडचिड आपल्या एकट्याच्या घरातली नसणार. तर सांगा. सिनेमा, मालिका, मोबाइलवरच्या वेबमालिका, काहीही. कोकणाबद्दलचंच हवं असं नाही. फक्त कलाकारांची नावं घेऊन उणीदुणी नकोत, त्या बिचाऱ्यांना जे लिहून देतात ते ते बोलतात.

मालवणहून

माझे वडील गाबीत, म्हणजे इथले मच्छीमार, होडीवर आयुष्य गेलं. सिनेमात मालवणचा मच्छीमार दाखवायचा की त्याला मुंबईच्या कोळ्याचा त्रिकोणी रुमाल नेसवतात, डोक्याला लाल टोपी घालतात. आमच्यात तो पेहराव नाही. बरं, एवढ्यावर भागत नाही. तो संध्याकाळी एकटाच किनाऱ्यावर येतो, पाग फेकतो आणि ओढतो तर जाळ्यात दोन पापलेटं! पाग खाडीच्या उथळ पाण्यातलं जाळं. त्यात शेवटं, बोयरं असले खाडीतले मासे मिळतील. पापलेटासाठी लांब आत जाऊन जाळी मारावी लागतात. बाबा म्हणायचे, "ह्येका माका दाखव रे, मी पण तसाच करतंय, डिझेल तरी वाचात."

आणि पावसाळा. भर जुलैत वादळात नायक होडी लोटतो, मागून आई ओरडते. अहो, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. नायकाला ती शाकारणी उसकटायलाच अर्धा दिवस लागेल, तोपर्यंत वादळ गोव्याला पोचलेलं असेल.

कुडाळ, शिक्षिका

माझं एकच दुखणं आहे, पण ते मोठं आहे: मालवणी. मालिकेत मालवणी म्हणजे काय, तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'गो' नाहीतर 'रे', आणि 'तुला'च्या जागी 'तुका'. बाकी सगळं पुणेरी. आणि क्रियापदं? मालवणीत 'मी जातंय', 'तू जातस', 'तो जाता'. मालिकेतला म्हातारा छाती काढून सांगतो, "तो मुंबईक जातंय!" माझी तिसरीतली मुलं यावर खो खो हसतात. चौथ्या भागापर्यंत पात्रं थकून प्रमाण मराठीवर येतात, आणि एखादा भावनिक प्रसंग आला की मालवणी साफ गायब. जणू मालवणीत रडता येत नाही. आमच्याकडे मयताच्या घरात बायका जे बोलून रडतात, ते ऐकलंय का यांनी कधी?

आणखी एक. देवळातलं गाऱ्हाणं घालणं हा आमच्याकडे गावाचा मामला असतो. मानकरी गाऱ्हाणं घालतो, आजूबाजूचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सिनेमात ते विनोदाला वापरतात, कुणीही उठून, कुठेही. एकदा तर दारूच्या अड्ड्यावर. माझ्या सासूबाईंनी टीव्हीच बंद केला.

चिपळूण

वरच्या बाईंना दुजोरा, पण आमची तक्रार उलटी. आम्ही मालवणी बोलतच नाही! चिपळूण, संगमेश्वर, गुहागर इथली बोली वेगळी, मंडणगड-दापोलीकडची आणखी वेगळी, रायगडात गेलात की आगरी लागते. मालिकेत मात्र पात्र दापोलीचं असो की देवगडचं, 'खंय चललंस' सुरू. दशावतारही तसाच. तो सिंधुदुर्गाचा. आमच्याकडे नाचगाण्याचे खेळ म्हणजे नमन-खेळे, जाखडी. गुहागरच्या पार्श्वभूमीवरच्या गोष्टीत दशावतारी राजा नाचताना पाहून आमच्या वाडीतल्या खेळेवाल्या पोरांनी रिमोट फेकला. (रिमोट माझा होता.)

ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर, राजापूर तालुका

तुम्ही हसताय, पण माझी चिडचिड हसण्यासारखी नाही. सिनेमात साप चावला की नायक जखमेला ब्लेडने चीर देतो, तोंडाने विष ओढून थुंकतो आणि नायिका डोळे उघडते. आमच्याकडे फुरसं फार. जांभ्याच्या कपारीत, गवतात, लाकडं रचलेल्या ढिगाखाली. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. अशा माणसाला वर ब्लेडची चीर पाडली तर ती जखम वाहतच राहते. मी असा पोरगा पाहिलाय. चावल्याचे दोन ठिपके किरकोळ, मित्रांनी पाडलेली चीर भयंकर. वाचला, पण रात्र काढली आम्ही.

पडद्यावर साप म्हणजे फक्त नाग, तोही सूड घेणारा, डोळ्यांत मारेकऱ्याचा फोटो असलेला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर मिळून एकच प्रतिविष असतं, ते दवाखान्यातच देतात. अंगठी-बांगड्या काढा, चावलेला भाग हलवू नका, घट्ट दोरी बांधू नका, गाडी काढा. एवढं दाखवायला किती सेकंद लागतात? विंचवाचंही तेच. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून केवढी माणसं वाचवली. एवढी खरी गोष्ट कोकणातच पडून आहे आणि पडद्यावर अजून मांत्रिकच.

आता हसण्यासारखं सांगते. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर नट असा हात ठेवतो जणू चपातीचं पीठ मळतोय, तेही कोपर वाकवून. छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान 5 सेंटिमीटर दाबायची असते. आणि पडद्यावर रेघ सरळ झाली की हमखास शॉक देतात. सरळ रेघेला शॉक देत नाहीत हो! आमचा वॉर्डबॉय आता आमच्याआधी ओरडतो.

अलिबाग

रिकामे चहाचे कप. कपात काही नाही हे कप उचलताना मनगटावरूनच कळतं. प्रवासाची बॅगही तशीच. परदेशाला निघालेली पोरगी दोन बोटांत सूटकेस उचलते.

गुहागर

माझी तक्रार मालिकेवर की पावसावर, ठरत नाही. जोराची सर आली की डिशचा सिग्नल जातो. खून कोणी केला हे जून ते सप्टेंबर आम्हाला कळत नाही. पण मालिकेतल्या कोकणात बाहेर मुसळधार आणि घरात झुंबर लखलखतंय, पंखा गरगरतोय! आमच्याकडे ढग दिसले तरी लाईट जाते.

कणकवली

गाडीचा नंबर. गोष्ट मालवणच्या खेड्यात, सरपंचाची जीप एमएच 12. पुण्याची! सिंधुदुर्ग 07, रत्नागिरी 08, रायगड 06, एवढं तरी बघा. परवा तर वेंगुर्ल्याच्या एसटीवर एमएच 14 होतं. हद्द झाली.

निवृत्त कंडक्टर, रत्नागिरी विभाग

कणकवलीकर, जीपचं मान्य. पण एसटीच्या बाबतीत तुम्ही चुकलात. आमच्या कितीतरी गाड्या दापोडीच्या कार्यशाळेत बांधल्या, त्या 14 नंबरच्या. चिकलठाण्याच्या 20, नागपूरकडच्या 40. गाडी वेंगुर्ल्यात धावली म्हणून तिचा नंबर 07 होत नाही. माझी चिडचिड वेगळी आहे. सिनेमात नायक हात करतो आणि एसटी घाटात वळणावर थांबते. अशी थांबवली असती तर मला मेमो मिळाला असता. आणि एकही प्रवासी तिकीट काढत नाही. तीस वर्षं बघतोय, एकही नाही.

सावंतवाडी, वकील

न्यायाधीश हातोडा आपटतात. आपल्याकडे कुठल्याही कोर्टात मी हातोडा पाहिलेला नाही. गीतेवर हात ठेवून शपथही नाही, 1969 च्या शपथ कायद्यात ईश्वरसाक्ष किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, एवढंच. अशील मात्र विचारतात, "साहेब, गीता मी घरची आणू का?"

वेंगुर्ल्याजवळच्या गावातून

आता माझंही ऐका, मी दुसऱ्या बाजूची. आमच्या घरात एका मालिकेचं शूटिंग झालं, मे महिन्यात तीन आठवडे. घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी. त्यांनी पहिल्याच दिवशी ओटीवरच्या फरशीवर शेण सारवलं, 'जुनं वाटायला'. आईने ती फरशी बसवायला चार वर्षं पैसे साठवले होते.

प्रसंग गणपतीचा होता. मेमध्ये! मागचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, पिवळाधमक वाळलेला, आणि पडद्यावर तो ऑगस्टचा दिसायला हवा. चित्रीकरणवाल्यांनी मग सडा दिसूच नये म्हणून दारात दहा कुंड्या लावल्या. नळीने पाऊस पाडला, तो नायिकेच्या अंगावर पडत होता आणि तिच्या मागे माझी कोंबडी कडक उन्हात माती उकरत होती.

पण खरी गंमत गणपतीच्या वर बांधतात त्या माटवीची. तिला त्यांनी प्लास्टिकची द्राक्षं बांधली. आईला राहवलं नाही. ती थेट सेटवर शिरली, "बाबा, असा नसता. आंब्याचे टाळ व्हये, नारळ व्हये, कवंडळ व्हयो." कलाविभागातला पोरगा गरीब होता, लगेच वही काढली. पण कवंडळ हे पावसाळ्यातलं लाल रानफळ, मेमध्ये ते आणायचं कुठून? शेवटी त्याने छोटी संत्री लाल रंगवून टांगली. आईने लांबून बघून सांगितलं, चालात. ती माटवी पडद्यावर तीन सेकंद दिसली. आई आजही पाहुण्यांना त्या तीन सेकंदांची गोष्ट सांगते.

अलिबागकरांचा चहा. मी विचारलं होतं. एकच प्रसंग सात-आठ वेळा, वेगवेगळ्या बाजूंनी घेतात. कपात चहा असेल तर एकदा अर्धा दिसणार, एकदा भरलेला, आणि पोरांना सात कप प्यावे लागणार. म्हणून रिकामा. आठवड्याला सहा भाग द्यायचे असतात, संवादाचा कागद नटाच्या हातात अर्धा तास आधी येतो. 'जातंय' की 'जाता' हे कधी बघणार ती पोरं? चिडा, मीही चिडते. पण मालवणी बोलणारा एक माणूस रोजावर ठेवला असता तर कितीसा खर्च आला असता, हे मात्र मी त्यांना तोंडावर विचारलं. हसले नुसते.

पुन्हा मी, रत्नागिरीहून

सगळं सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सिस्टरांचं दोनदा वाचायला लावलं. वेंगुर्ल्याच्या आईंना त्यांनी नमस्कार कळवलाय.

आणि कालचा भाग. पौर्णिमा, मध्यरात्र, नायक-नायिका लांबलचक ओल्या वाळूवरून हातात हात घालून चाललेत. सासऱ्यांनी बोटांवर हिशेब केला. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे आता भरती पूर्ण, त्यात उधाणाची. ही दोघं चाललीत तिथे कमरेएवढं पाणी असणार, सुरूच्या झाडांपर्यंत." मग आधीचा प्रसंग आठवला. त्यात हाच पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळी समुद्रावर उगवला होता. तो आपल्याकडे पाठीमागून येतो, डोंगरावरून. समुद्रात तो पहाटे मावळतो.

सासूबाई म्हणाल्या, "अहो, त्यांचं लग्न ठरतंय, तुम्ही चंद्र काय मोजताय?"

आज आठ वाजायला दहा मिनिटं आहेत. टीव्हीशेजारी पंचांग येऊन बसलंय.