फरशी: पायाखालची की परशुरामाची?

सड्यावरचा: भाचा चित्रकला शिकतो. रास्ता रोको उठल्यावर पडलेले पेव्हर ब्लॉकचे तुकडे त्याने गोळा केले आणि टवके काढून त्यांना अश्मयुगीन आकार दिलेत. मधे खडी लागली की धार निखळते, मग कानस. रत्नागिरीत मांडतोय, मराठी चिठ्ठ्या माझ्या गळ्यात. टोकदार, बदामी आकाराला 'हातकुऱ्हाड' लिहिलं. रुंद, आडव्या धारेच्या 'क्लीव्हर'ला 'फरशी'. तर आमची ही म्हणते, "फरशीच्या तुकड्याखाली 'फरशी' लिहून काय सांगितलंत?" दुसरा शब्द सुचवा.

घाटावरची: अजिबात बदलू नका! ही फरशी 'परशु'वरून, पायाखालची फारसी 'फर्श'वरून. चिपळूणला परशुराम असताना तुम्हालाच परशु परका?

खाजणवाट: कोकणात घोटाळा व्हायचाच नाही. आमच्याकडे लादी, फरशी तुमच्या घाटावर. लादी पोर्तुगीज 'लाद्रिल्यु'वरून, असं आमचे मास्तर सांगत.

घाटावरची: पावाचीही लादी असते. तीही जहाजातूनच आली का?

खाजणवाट: पाव आला की हो जहाजातून!

पाटावरवंटा: सड्यावरचा, भाच्याला हे सांगा. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या पोरांनी रस्त्याचे दगड उपसून पोलिसांवर फेकले, पुढे तिथल्या रस्त्यांवर डांबर पडलं. आणि हातकुऱ्हाडीची 'अश्युलियन' परंपरा ओळखली जाते तीही फ्रान्सच्याच सेंट अशूलवरून.

खाजणवाट: फ्रान्स कशाला? बारसूच्या सड्यावर कातळशिल्पंही आहेत आणि २०२३ चं रिफायनरीविरोधी आंदोलनही तिथलंच.

कोयताबंद: मोठ्या फलकावर काय? 'दगडी हत्यारे' नको. मोर्च्यातला दगड आणि वर 'हत्यार', आयतंच कलम लागेल. 'अवजारे' लिहा.

सड्यावरचा: फलकावर 'राडारोडा'. भाच्याचाच शब्द.

कोयताबंद: झकास! आधी राडा, मग रोडा.

घाटावरची: राडा म्हणजे मुळात चिखल. मारामारीचा अर्थ मुंबईने चिकटवला. आणि 'हत्यार'ला 'हत्ये'शी का जोडता? ते 'हाता'वरून. 'अवजार'च फारसी.

कोयताबंद: मघाशी फर्श चालला तुम्हाला. अवजार काय पाप करतं?

पाटावरवंटा: आमचा सुतार रंधा-पटाशीलाही हत्यारंच म्हणतो. खंडेनवमीला पुजतो तीही हत्यारंच.

सड्यावरचा: चिठ्ठ्या उद्या छापायच्यात हो. क्लीव्हरचं काय?

खाजणवाट: एक सांगा, पावाची लादी सहाची की आठची?