अंमली की अमली? (आणि आईच्या गोळीला काय म्हणायचं?)

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काल दादरला केमिस्टकडे ट्रामाडॉल, म्हणजे तिची दुखण्यावरची गोळी, आणायला गेले, तर त्याने चिठ्ठी बघून वहीत आईचं नाव, डॉक्टरांचं नाव, गोळ्या किती, सगळं उतरवून घेतलं. "शेड्यूलवाली आहे, मॅडम." पट्टीवर लाल अक्षरांत एनआरएक्स. घरी मावशीने ते वाचलं आणि म्हणाली, "अगं, अंमली पदार्थ देतेस का तिला?" शब्द बरोबर आहे का? आणि अनुस्वार हवा की नको?

— दोन्ही चालतात. मूळ अरबी 'अमल', म्हणजे काम, कारभार. मराठीत त्याला अनुस्वार चिकटला. पेशव्यांचा अंमल आणि भांगेचा अंमल हा एकच शब्द, दोन्हीकडे अर्थ ताब्याचा. अंमलदार, अंमलबजावणी त्याच घरातले.

— औषधांच्या दुकानात बसतो म्हणून सांगतो. ती वही शेड्यूल 'एच1'ची, म्हणजे औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याखालच्या नियमांतल्या एका यादीची. हे परिशिष्ट मार्च 2014 पासून लागू आहे, नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. पण 'शेड्यूलवाली' म्हणजे चटक लावणारी, असं नाही हं! एच1 मध्ये टीबीची औषधं आणि भारी अँटिबायोटिक्सही आहेत. खरी खूण 'एनआरएक्स'मधला एन. तो सांगतो की औषध एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात आहे. ट्रामाडॉल 2018 मध्ये त्या कायद्याखाली आलं, त्यामुळे कागदोपत्री मावशी चुकलेली नाही. मॉर्फीनही त्याच कायद्यात, पण 2014 च्या दुरुस्तीनंतर ते 'अत्यावश्यक' यादीत घातलं, कॅन्सरच्या पेशंटला मिळावं म्हणून. अमेरिकेत गैरवापराच्या धोक्यानुसार एक ते पाच अशी उतरंड आहे: मॉर्फीन दोनमध्ये, ट्रामाडॉल चारमध्ये. आपल्याकडे अशी सरळ शिडी नाही, औषधांचा आणि एनडीपीएस असे दोन कायदे एकमेकांत गुंतलेत.

— कायद्याच्या मराठीत 'गुंगीकारक औषधी द्रव्ये' आणि 'मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ' असे दोन वेगळे गट आहेत. ट्रामाडॉल दुसऱ्यात. पेपरवाले दोन्हींना 'अंमली' म्हणून मोकळे होतात. घरात मात्र तो शब्द नको, त्याला पोलिसांच्या धाडीचा वास येतो. 'वेदनाशामक' म्हणा. शामक, नाशक नव्हे; ही गोळी दुखणं शमवते, गुडघा बरा करत नाही.

— आणि सवय, व्यसन यांत गल्लत नको. बरेच दिवस घेतली की शरीराला सवय होते, एकदम थांबवली तर त्रास होतो. व्यसन वेगळं: दुखणं सरलं तरी हात पट्टीकडे जातो.

आभार! मावशीला सगळं वाचून दाखवलं. अंमलबजावणी आता तिच्याकडेच आहे, रोज सकाळी पट्टीतल्या गोळ्या मोजते.